वाचून झाल्यास मत कळवावे

खताचं पोतं मागायला गेलेल्या माणसाला सामुद्रधुनी देऊन परत पाठवणारं दुकान अख्ख्या अहमदपूर तालुक्यात एकच आहे, आणि ते माझ्या थोरल्या साडूंचं आहे. इतरांच्या कृषी सेवा केंद्रात भिंतीवर बियाणं कंपनीचं कॅलेंडर आणि त्याच्यावर लक्ष्मी असते. साडूंच्या दुकानात जगाचा नकाशा आहे. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की ते मोजपट्टी उचलतात, नकाशातल्या एका निमुळत्या समुद्रावर टेकवतात आणि विचारतात, "ही वाट उद्या बंद झाली तर तुमच्या कापसाला काय होईल, सांगा." एकदा मी स्वतः तिथं बसलेलो असताना एक शेतकरी डीएपी मागायला आला. साडूंनी त्याला तेल, गॅस, जहाजं, कुठल्याशा दोन देशांचं वैमनस्य आणि महासत्तांचे डाव असं सगळं पाऊण तास समजावून सांगितलं. तो बिचारा उपरणं खांद्यावरून काढून, घडी घालून, पुन्हा खांद्यावर टाकत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "दादा, समजलं सगळं. पोतं हाय का?"

"न्हाई."

"मग हे आधी सांगायचं की!"

"कारण समजल्याशिवाय माणसानं टंचाई सोसू नये," साडू म्हणाले आणि त्याला चहा पाजला.

असा माणूस दुकान कसं चालवतो, हा प्रश्न मलाही पडत असे. उत्तर असं की दुकान अक्का चालवतात. अक्का म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. साडू वाचतात. भूराजकारण, लोकशाही, नीतिशास्त्र आणि हिंदू विचार या चार विषयांपलीकडं त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नाही. कादंबरीला ते 'चहाडी' म्हणतात. वाचताना ओळीखाली मोजपट्टी धरतात, आणि जिथं लेखकाशी पटत नाही तिथं सोयाबीनचा एक दाणा ठेवून पुस्तक मिटतात. खूण म्हणून कागद का नाही ठेवत, असं विचारलं तर म्हणतात, "कागद गप पडून राहतो. दाणा टोचत राहतो." त्यामुळं त्यांच्या कपाटातली पुस्तकं मधोमध फुगलेली असतात. एका ओल्या श्रावणात अहिंसेवरच्या प्रकरणाला चक्क कोंब आला होता. साडूंनी तो उपटला नाही. म्हणाले, "आता उपटणं म्हणजे प्रकरण वाचलंच न्हाई असं होईल."

घरात लोकशाही आहे. संध्याकाळी कोणती भाजी करायची याचं गुप्त मतदान होतं. दोडक्याला सोयाबीन, वांग्याला हरभरा, आणि मतपेटी म्हणून कीटकनाशकाच्या नमुन्याबरोबर आलेला पत्र्याचा डबा. मतदार तीन : साडू, अक्का आणि त्यांची एकुलती एक मुलगी. मायलेकींची आघाडी पक्की असल्यामुळं इतक्या वर्षांत साडूंना वांगं म्हणून मिळालेलं नाही. तरी ते रोज मत टाकतात, रोज डबा उघडतात आणि रोज गंभीर चेहऱ्यानं निकाल जाहीर करतात, "दोडका. बहुमतानं." यावर स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज येतो, "निकाल लागला असंल तर चिरू का? सकाळीच आणून ठेवलाय."

नीतिशास्त्राचा फटका मात्र मला बसला. गेल्या धोंड्याच्या महिन्यात उमरीला सासरवाडीहून आम्हां दोघां जावयांना आवतण आलं. नांदेडहून मी सकाळच्याच गाडीनं गेलो. असल्या बाबतीत मी वक्तशीर आहे. पाटावर बसवलं, ओवाळलं, पुरणाचे धोंडे वाढले, वर तुपाची धार धरली. मग सासूबाईंनी लाल मखमलीच्या दोन डब्या आणल्या. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि एक अख्खा धोंडा तोंडात टाकला. तेवढ्यात साडूंनी हात वर केला. "मामी, रागवू नका. पण ज्यांची मुलगी आम्ही नेली त्यांच्याकडूनच वर सोनं घ्यायचं, हे नीतीला धरून न्हाई. ही माझी आन सरांची तात्त्विक भूमिका हाय."

सर म्हणजे मी. मी नांदेडला एका शाळेत शिक्षक आहे. मला तात्त्विक भूमिका नव्हती. पण तोंडात धोंडा होता, आणि धोंडा असा पदार्थ आहे की तो ना गिळता येतो ना बाजूला सारता येतो. मी डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी डाव्या हातानं निषेध नोंदवला. सासूबाईंना वाटलं मला ठसका लागला. त्यांनी पाणी दिलं आणि डब्या आत नेल्या. परतताना बसस्टँडवर पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की माझी छत्री विसरली. ती मी एकटाच आणायला गेलो. छत्रीबरोबर अंगठीही घेऊन आलो, हे साडूंना सगळं माहीत आहे, कारण त्या दिवशी मी छत्री नेलीच नव्हती.

हिंदू विचारांचा त्रास पुरोहितांना आहे. साडूंकडं सत्यनारायण असला की प्रत्येक संकल्पाला एक शंका निघते. कर्म निष्काम असेल तर फळाची यादी आधीच कशी वाचता, पुरुषार्थ चार असताना पूजेत अर्थावरच एवढा जोर का, असं. प्रसादाचा शिरा थंड होऊन त्याच्या वड्या पडतात. तिथले गुरुजी आता फोनवर आधी विचारतात, "यजमान घरी हायत का? असले तर पुतण्याला पाठवतो, त्याला ऐकू कमी येतं."

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल की साडूंना दुसऱ्यांना शहाणं करायची हौस असेल. तसं नाही. त्यांचं दुःख वेगळंच होतं, आणि ते मला फार उशिरा कळलं. त्यांना ऐकणारा नको होता. ऐकणारे बाजार समितीच्या आवारात पोत्यांवर बसलेले हवे तेवढे मिळतात. त्यांना एक असा माणूस हवा होता, ज्यानं तेच पुस्तक वाचलंय आणि जो म्हणेल, 'मला पटलं नाही.' पण आमच्याकडं लोक सभ्य. साडूंनी तोंड उघडलं की ते ताबडतोब सहमत होतात आणि चपला शोधू लागतात. मी त्यांतला सगळ्यात तरबेज. "अगदी बरोबर आहे दाजी," हे वाक्य मी इतक्या लवकर म्हणत असे की एकदा त्यांचा प्रश्नच अजून सुरू व्हायचा होता. तेव्हा त्यांनी मोजपट्टी खाली ठेवली. म्हणाले, "सर, सहमती ही सगळ्यात सोपी पळवाट असती."

"अगदी बरोबर आहे," मी म्हणालो.

म्हणून त्यांनी आहेरात पुस्तकं द्यायला सुरुवात केली. लग्न, बारसं, वास्तुशांती, काहीही असो. गेल्या वर्षीच्या बियाणं कॅलेंडरचं पान उलटं करून, कोरी बाजू वर ठेवून पुस्तक बांधायचं, आणि आतल्या पहिल्या पानावर टपोऱ्या अक्षरांत चार शब्द लिहायचे : 'वाचून झाल्यास मत कळवावे.' आता, आपल्याकडं आहेर ही वस्तू देण्यासाठी नसून फिरवण्यासाठी असते, हे साडूंना कोणत्याच ग्रंथात सापडलं नव्हतं. एका लग्नात मिळालेलं टॉवेल-टोपी आपण वापरत नाही. ते ट्रंकेत जातं, आणि पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या डोक्यावर चढतं. साडूंची पुस्तकं त्याच ट्रंकांत टॉवेलच्या घडीवर जाऊन बसली आणि टॉवेल-टोपीसारखीच गावोगाव हिंडू लागली. लोकशाही उदगीरला गेली, नीतिशास्त्र देगलूरला. मीही त्यांच्याकडून आलेली एक-दोन पुढं सरकवली. बाकीची जाड होती, म्हणून टीव्हीखाली ठेवली.

मग साडूंनी घरावर मजला चढवला. त्याच्या वास्तुशांतीला आहेराचा ढीग पडला, आणि त्यात ओळखीच्या आकाराची एक चवड निघाली. साडूंनी एक पुडकं उचललं, कागद सोडवला. आतल्या बाजूला त्या जुन्या वर्षीच्या कॅलेंडरातलं सोयाबीनचं वाण हसत होतं. घडी त्यांच्याच हातची होती. कुणी एकदाही मोडलेली नव्हती. अक्का म्हणाल्या, "घ्या! गावानं तुमचं शहाणपण तुम्हाला वापस केलं." सगळे हसले. साडूही हसले. मग गच्चीवर मला एकट्याला गाठून म्हणाले, "सर, इतकी वर्षं हा ग्रंथ संसारात फिरला आन कुणाचा हात लागू दिला न्हाई. एवढं वैराग्य मला जमायचं न्हाई." त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. पण पंगतीत वांग्याची भाजी होती, आणि ती त्यांनी वाढून घेतली नाही.

मी समजूत घालायला गेलो. "पण दाजी, एखाद्यानं वाचलं जरी, तरी मत कळवायचं कुणाला? तुम्ही नाव टाकत नाही, नंबर टाकत नाही."

"गुप्तदान हाय ते. दात्यानं नाव टाकू नये."

"मग मत कळवावे कशाला लिहिता?"

साडू मोजपट्टीनं पाठ खाजवत विचारात पडले. "हा नीतीतला मूलभूत पेच हाय," ते म्हणाले. पेच त्यांनी तसाच ठेवला. पुस्तकंही बिननावाचीच जात राहिली.

पुढं मुलीची सोयरीक जमली. मुलगा हिमायतनगरकडचा, पुण्याला नोकरीला. मुलाचे वडील, म्हणजे होणारे व्याही, जमीनदार माणूस, उंच, मिशा भरघोस. बैठकीत त्यांनी पूर्ण दुपारभर फक्त "हं" एवढाच उच्चार केला होता आणि त्या हुंकारानं आमच्याकडच्या तीन माणसांना घाम फुटला होता. मुलीला मुलगा मनापासून आवडला होता. म्हणून अक्कांनी लग्नाआधी नवऱ्याला जवळ बसवून बजावलं, "इवायासमोर समुद्र न्हाई, लोकशाही न्हाई. एक दिवस खामखा शहाणपणा करू नका. पोरीचं सगळं ह्या माणसाच्या मर्जीवर हाय."

साडूंनी शब्द पाळला. ते काही बोलले नाहीत. फक्त मानपानात फेटा, शाल आणि कपड्यांच्या खाली एक पुडकं सरकवलं. उलट्या कॅलेंडरात बांधलेलं.

मुहूर्त दुपारचा होता. मंगल कार्यालय भरलेलं, बँडवाले घामाघूम, गुरुजींनी अंतरपाटाची घडी उलगडलेली. तेवढ्यात जानवशाकडून नवऱ्या मुलाचा काका धावत आला. "दादा रुसले! फेटा काढून ठेवलाय. चहाला हात लावनात. मुलीच्या बापाला बोलवा म्हणून राहिले, एकट्याला!"

अक्का मटकन खुर्चीत बसल्या. "पुस्तक! इवायाला कुणी पुस्तक देतं का! त्यांना वाटलं असंल, अडाणी समजून दिलं." साडू पांढरेफटक पडले. त्यांच्याकडं बघवत नव्हतं. लग्न मोडलं तर मुलीचं काय, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, आणि ते वाचायला मला मोजपट्टी लागली नाही.

नातेवाइकांनी मला पुढं केलं. शिक्षक आहे, गोड बोलेल, म्हणून. मी जानवशात गेलो. व्याही गादीवर मांडी घालून बसले होते आणि मांडीवर पुस्तक उघडं होतं. मी घसा साफ केला आणि गोड बोलायला लागलो. पुस्तकाबद्दल क्षमा मागितली. साडूंच्या डोक्यावर उन्हाचा परिणाम असल्याचं सांगितलं. त्यांच्या वतीनं एक कूलर कबूल केला, मग तो वाढवून फ्रिज केला. व्याही "हं" म्हणाले. तो हुंकार ऐकून माझा धीर सुटला आणि मी बोटातली अंगठी, तीच, धोंड्याची, काढून त्यांच्यासमोर धरली.

"हे काय?"

"मानाची आहे. आमच्याकडं पद्धत आहे." अशी पद्धत कुठंही नाही.

त्यांनी अंगठी करंगळीत सरकवली, पानावरची नजर न काढता, जसं आपण कुणी दिलेली सुपारी तोंडात टाकतो. "बरं. आता हे ज्यानं लिवलं त्याला बोलवा."

साडू आले ते फेटा हातात घेऊन, पायावर ठेवायच्या तयारीनं. "इवाई, माझं चुकलं असंल तर मला बोला. पोरीला…"

"हे चार शब्द तुमचे?" व्याह्यांनी पहिलं पान दाखवलं. "वाचून झाल्यास मत कळवावे?"

"हाव."

"हेच पुस्तक मला उमरीला एका लग्नात भेटलं होतं. असाच कागद, आतून सोयाबीन. हेच अक्षर. दानावर लिवल्यालं हाय त्याच्यात. मी ते दोनदा वाचलं. आन मग कळवावं कुणाला? नाव न्हाई, गाव न्हाई, नंबर न्हाई! अहो, लई वर्षं झाली, मत पोटात घेऊन फिरून राहिलो मी. घरात बायको ऐकंना, पोरगा ऐकंना. बैठकीत आलो तेव्हाबी डोक्यात तेच चाललं होतं."

साडूंच्या हातातला फेटा सुटायला लागला. "काय… काय मत हाय?"

"मला पटलं न्हाई."

साडू खाली बसले. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला, उपरण्यानं पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि मी कधी न ऐकलेल्या मऊ आवाजात त्यांनी विचारलं, "कोणतं पान?"

"पान न्हाई, आख्खं प्रकरण! म्हणं, दान देताना घेणाऱ्याची पात्रता बघावी. अहो, पात्रता बघून दिलं तर तो व्यवहार झाला. दान कशाचं?"

"मग अपात्राला द्यावं? म्हणजे दानाचा नाश करावा?"

"तुम्ही स्वतः काय केलं? गावोगाव वाटत सुटलात. पात्र बघितलं का एकाचं तरी? ह्या माणसाला दिलं का न्हाई?" व्याह्यांनी माझ्याकडं बोट केलं. त्या बोटात माझी अंगठी होती. "ह्यानं वाचलं?"

"न्हाई," साडू म्हणाले. त्यांना एक क्षणही विचार करावा लागला नाही.

"मग! तुमची करणी माझ्या बाजूनं हाय आन तोंड पुस्तकाच्या बाजूनं."

साडू हरले. हरलेला माणूस इतका सुखी मी पाहिलेला नाही. त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, व्याह्यांनी ते परत ओढलं. बाहेर बँड थांबला. गुरुजी ध्वनिक्षेपकावरून "मुहूर्त टळून राहिला हो" म्हणून ओरडू लागले. आमच्याकडं मुहूर्त टळणं हे विधीतच धरलेलं असतं, पण पंगतीतली पहिली फळी ताटांशी बसून ताटाकडं बघत होती. मी दाराशी उभा राहून येणाऱ्याला "बोलणी चालू आहेत" असं सांगत होतो. लोक माना हलवून परत जात होते आणि हुंड्याचा आकडा वाढवून सांगत होते.

शेवटी मुलगीच आली. मुंडावळ्या, हिरवा चुडा, मागं भेदरलेल्या दोन करवल्या. तिनं आत डोकावून पाहिलं. बाप आणि सासरा पुस्तकाची दोन टोकं धरून बसलेले. तिला काय समजायचं ते लगेच समजलं.

"बाबा," ती म्हणाली, "मतदान घ्यायचं का? मी लग्न लावण्याच्या बाजूनं हाय."

व्याह्यांनी पुस्तकाचं टोक सोडलं. मग मिशीतून हसले, मला वाटतं त्या दिवसातलं पहिलंच. "पोरगी तुमच्यावर गेली," ते साडूंना म्हणाले आणि फेटा डोक्यावर चढवला.

कन्यादानाच्या वेळी गुरुजींनी साडूंच्या ओंजळीत पाणी घातलं आणि मंत्र सुरू केला. साडूंनी डोळे वर करून समोरच्या व्याह्यांकडं पाहिलं. गुरुजींचा जीव गेला. त्यांना शंकेचा वास आला. पण साडू एवढंच म्हणाले, "इवाई, ही मात्र मी पात्र बघून दिली."

"मग हे दान न्हाई," व्याही हळूच म्हणाले. "हिच्यावरचा हक्क सोडू नका."

गुरुजींनी घाईघाईनं पुढचा मंत्र घेतला.

पाठवणीला अक्का रडल्या, माझी बायको रडली, मी अंगठीच्या आठवणीनं रडलो. साडू कोरडेच उभे होते. गाडी हलली तेव्हा व्याह्यांनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं, "दानाचं अर्धं राहिलं! पंधरवड्यानं येतो!" आणि साडू गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत ढसाढसा रडले. बायका म्हणाल्या, बापाचं काळीज. ते तर होतंच.

आता हिमायतनगर ते अहमदपूर हा रस्ता या दोघांमुळं एसटीला परवडतो. मुलगी आणि जावई पुण्याला. व्याही मात्र सुनेच्या माहेरी मुक्कामाला. घरातले मतदारही पुन्हा तीन झाले. व्याही पहिल्या दिवसापासून वांग्याच्या बाजूनं आहेत, त्यामुळं सत्तापालट झाला, आणि अक्का म्हणतात निवडणुकीत बाहेरची माणसं आणली. दानाचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. अंगठी व्याह्यांच्याच करंगळीत आहे. मागायची सोय नाही, कारण पद्धत मीच सांगितली होती.

यात माझं भलं व्हायला हवं होतं. साडूंचा फोन येत नाही. परवा आम्ही नवीन कपाट घेतलं, त्याला ते आले, चहा प्यायले, कौतुक केलं आणि शंभर माणसांसारखे टॉवेल-टोपी देऊन गेले. पुडकं हातात घेताच मला ते हलकं लागलं. नकाशा नाही, प्रश्न नाही, काही नाही. जाताना फक्त म्हणाले, "सर, तुम्हाला बेजार केलं मी इतकी वर्षं." मी नेहमीसारखं "अगदी बरोबर" म्हणणार होतो. जमलं नाही.

रविवारी मी टीव्हीखालचं एक पुस्तक काढलं. टीव्ही एका बाजूला कलला. लोकशाहीवरचं होतं. कागद सोडवला, आत सोयाबीन हसलं, आणि मी मुलाची फूटपट्टी घेऊन ओळीखाली धरून वाचायला बसलो. बरंचसं डोक्यावरून गेलं. पण एका पानावर लिहिलं होतं की जो गप्प बसतो त्याची संमती आहे असं धरावं. मी थांबलो. पुन्हा वाचलं. हे चूक आहे. तोंडात अख्खा धोंडा असलेला माणूस गप्प बसतो, पण त्याची संमती नसते. याबाबतीत देशात माझ्याइतका अधिकारी माणूस नसेल. मी स्वयंपाकघरात जाऊन सोयाबीनचा दाणा शोधला. नव्हता. तुरीचा ठेवला.

साडूंचा फोन लागेना. दोनदा दुसऱ्या कॉलवर. व्याही, दुसरं कोण. मी पुस्तक मांडीवर धरून बसून राहिलो. तूर टोचत होती. शेवटी त्यांचाच फोन आला.

"बोला सर. काही काम?"

"काम नाही, दाजी. ते लोकशाहीचं पुस्तक. तुम्ही आमच्या वास्तुशांतीला दिलेलं." मी तूर ठेवलेलं पान उघडलं. "मला पटलं नाही."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांबा," साडू म्हणाले. "चष्मा घेतो."

फोनवर चष्मा कशाला लागतो, ते मी विचारलं नाही. मी थांबलो.